शेजारी शेजारी ठेवलेले पेले

चांगल्या शिराझ वाइनला काळ्या मिरीचा वास असतो. पाच मित्रांना एकाच बाटलीतली शिराझ ओतून दिली, तर चौघं मिरीचं नाव घेतील आणि पाचवा पेला पुन्हा पुन्हा हुंगून म्हणेल, "मला तर काहीच येत नाही." तो चुकत नसतो आणि बाकीचे बाताही मारत नसतात. हा वास रोटंडोन नावाच्या रेणूमुळे येतो, हे ऑस्ट्रेलियातल्या वाइन-संशोधकांनी 2008 साली दाखवून दिलं. मिरीच्या दाण्यातही हाच रेणू असतो. त्याच अभ्यासात असंही आढळलं, की साधारण पाचांतल्या एका माणसाला हा रेणू भरपूर असला तरी जाणवत नाही. त्याचं नाक इतर बाबतींत तल्लख असेल, पण ही एक खिडकी त्याला जन्मतः नाही.

अशा बंद खिडक्या प्रत्येकाच्या नाकात असतात, वेगवेगळ्या. कोथिंबिरीचा वास काहींना साबणासारखा येतो, कडू चव काहींना इतरांपेक्षा फार तीव्र लागते, आणि यात जनुकांचा भाग आहे. एकटा माणूस आयुष्यभर वाइन पीत राहिला तरी आपल्याला काय जाणवत नाही हे त्याला कळायचा मार्ग नाही. ते कळतं शेजारी बसलेल्या माणसामुळे. म्हणून बिअर, व्हिस्की, वाइन आणि कॉकटेल यांच्यावरचं हे पुस्तक मी एकट्या रसिकासाठी लिहिलेलं नाही. चार-सहा मित्रमैत्रिणी, प्रत्येकापुढे थोड्या थोड्या मद्याचे तीन-चार पेले, एक वही आणि दोन तासांचा निवांतपणा, एवढं गृहीत धरून ते लिहिलं आहे.

मराठी घरात हा विषय काढला की आधी एक जुनी सावली पडते, आणि ती पडायलाच हवी. रा. ग. गडकऱ्यांचं 'एकच प्याला' 1919 साली रंगभूमीवर आलं. त्यातला सुधाकर एका प्याल्यापासून संसाराची राख होईपर्यंत जातो, आणि तळीरामाचं आर्यमदिरामंडळ हे आपल्या साहित्यातलं मित्रांनी मिळून पिण्याचं सर्वांत गाजलेलं चित्र आहे. ते चित्र खोटं नाही. ज्या गावांत बायकांनी मतदान करून बाटली आडवी केली, त्यांनी ते पुस्तकं वाचून केलं नाही, घरातला मार आणि रिकामे डबे बघून केलं. वर्धा जिल्ह्यात आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे. बाकी महाराष्ट्रातही 1949 चा दारूबंदी कायदा बदललेल्या नावानं लागू आहे आणि पिण्यासाठी परवाना लागतो. बिअरसाठी वयाची अट 21 आहे, व्हिस्की-रमसारख्या कडक मद्यांसाठी 25. शिवाय मद्याचं कोणतंही प्रमाण आरोग्याला निर्धोक म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेनं 2023 मध्ये स्पष्ट सांगितलं. हे सगळं मला मान्य आहे. जो पीत नाही त्यानं हे पुस्तक वाचून सुरुवात करावी असं मला मुळीच वाटत नाही, आणि ज्याला थांबता येत नाही त्याच्या हातात ते पडू नये असं मनापासून वाटतं.

पण जे पितात, आणि मित्रांबरोबर पितात, त्यांच्यासाठी तुलना करून पिणं हा मला माहीत असलेला सर्वांत संयमी प्रकार आहे. हिशोब करून बघा. चार व्हिस्कींची तुलना करायला प्रत्येकी 15 मिलि पुरते. चार मिळून 60 मिलि, म्हणजे एक लार्ज पेग, आणि तो दोन तासांत. चार बिअर प्रत्येकी 100 मिलि घेतल्या तर 650 मिलिच्या एका मोठ्या बाटलीपेक्षाही कमी होतात. वाइनचे 40 मिलि हुंगायला आणि दोन-तीनदा तोंडात घोळवायला भरपूर आहेत. शिवाय मधोमध एक रिकामं भांडं ठेवायचं आणि नको असेल ते त्यात ओतायचं, यात कुणाचाही अपमान नाही. जगभरचे व्यावसायिक परीक्षक घोट तोंडात फिरवून थुंकतात. खर्चाचंही तेच. 750 मिलिच्या बाटलीत 15 मिलिचे 50 पेले निघतात. एकट्याच्या खिशाला न झेपणारी सिंगल माल्ट वर्गणीत सहज येते, आणि उरलेली बाटली बूच लावून पुढच्या बैठकीपर्यंत चांगली राहते.

तुलना का, एकच बाटली नीट का प्यायची नाही, असं कुणी विचारेल. माझा अनुभव असा, की एकाच पेल्यासमोर बसलेला माणूस 'छान आहे' किंवा 'कडक आहे' यापलीकडे क्वचित जातो. शेजारी दुसरा पेला आला की जीभ सुटते. हा जास्त आंबट, त्याला लाकडाचा वास, हा घशात लवकर विरतो. चव मोजायची पट्टी आपल्या डोक्यात नसते, दुसऱ्या पेल्यात असते. आणि पेले झाकलेले असले, म्हणजे कुठल्या पेल्यात काय ते माहीत नसलं, तर ही पट्टी प्रामाणिक राहते.

नाव झाकण्याची ताकद जगाला दिसली ती 24 मे 1976 रोजी पॅरिसमध्ये. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाइन-व्यापाऱ्यानं फ्रान्समधल्या नामवंत परीक्षकांपुढे फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइन नावं झाकून ठेवल्या. लाल वाइनमध्ये बोर्दोच्या मातब्बर घराण्यांना मागे टाकून स्टॅग्ज लीपची 1973 ची कॅबर्ने पहिली आली, पांढऱ्यात शातो मोंटेलेनाची 1973 ची शार्दने. एका परीक्षकानं तर कॅलिफोर्नियाचीच वाइन चाखून आता कुठे फ्रान्समध्ये परत आलो, अशा अर्थाचा आनंद व्यक्त केला होता. ही मंडळी अडाणी नव्हती. डोळ्यांनी वाचलेलं नाव जिभेच्या आधी पोचतं, आणि नाव काढून घेतलं की जिभेला एकटीनं काम करावं लागतं, एवढंच त्यातून दिसलं. रंगाचंही तसंच आहे. बोर्दोमध्ये वाइनशास्त्र शिकणाऱ्या 54 विद्यार्थ्यांना एक पांढरी वाइन दिली गेली आणि तीच वाइन बिनवासाचा लाल रंग घालून पुन्हा दिली गेली. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात लाल दिसणाऱ्या पेल्याचं वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केलं.

घरी हे करायला फार काही लागत नाही. एकानं दुसऱ्या खोलीत ओतायचं, पेल्यांच्या बुडाला आकडे चिकटवायचे. मला सर्वांत आवडते ती तीन पेल्यांची कसोटी: दोन पेल्यांत एकच मद्य, तिसऱ्यात दुसरं, आणि वेगळा कोणता ते ओळखायचं. नुसत्या अंदाजानंही तिघांतला एक बरोबर येणारच, म्हणून कसोटी दोन-तीनदा करायची. बिअरच्या कारखान्यांत ही पद्धत अनेक दशकं वापरात आहे. थोड्या नमुन्यांवरून खात्रीचा निष्कर्ष कसा काढायचा, हा प्रश्न मुळात बिअरवाल्यांनाच पडला होता. डब्लिनच्या गिनेस कंपनीत काम करणाऱ्या विल्यम गॉसेट यांनी त्यावर काढलेलं उत्तर 1908 साली 'स्टुडंट' या टोपणनावानं छापलं, आणि जगभरच्या महाविद्यालयांत आज शिकवली जाणारी टी-चाचणी त्यातून आली.

बैठकीचा एकच नियम मी कडक पाळतो: आधी लिहायचं, मग बोलायचं. पहिला माणूस मोठ्यानं 'व्हॅनिला' म्हणाला, की पुढच्या सगळ्यांना व्हॅनिलाच येऊ लागतो, आणि सहा नाकांचं एक नाक होऊन बसतं.

काय लिहायचं, ही मात्र खरी अडचण. कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या ॲन नोबल यांनी 1984 मध्ये वाइनच्या वासांचं चक्र प्रसिद्ध केलं. ते फार उपयोगी आहे, पण त्यातली कितीतरी फळं आपण कधी हुंगलेलीच नसतात. त्यांच्या कामाचं मर्म ती यादी नव्हतीच. प्रत्येक वासाचा खरा नमुना समोर ठेवून नाकाला शिकवायचं, हे ते मर्म होतं. तेव्हा आपले नमुने आपल्या स्वयंपाकघरातून घ्यावेत. झाकणाच्या वाट्यांत कैरीची फोड, ढोबळी मिरचीचा तुकडा, आमसूल, खजूर, लवंग, जायफळ, काकवी, भाजलेले दाणे, ओली माती. नाशिकच्या सोव्हिन्यो ब्लांकमध्ये मला कैरी आणि ढोबळी मिरची दोन्ही सापडतात, आणि ढोबळी मिरचीबद्दल तर रसायनशास्त्रही साक्ष देतं: पायराझिन गटातले तेच रेणू मिरचीत आणि या वाइनमध्येही आहेत. ज्यांनी कधी वाइनबद्दल चार शब्द लिहिले नाहीत अशा माणसांना वाट्या हुंगून झाल्यावर वही भरताना मी पाहिलं आहे. रोज फोडणी देणाऱ्यांची नाकं यात फार पुढे असतात. अनेक घरांत हे काम बायकाच करतात, आणि अनेक घरांत त्यांना या बैठकीला बोलावलंच जात नाही. त्यात बैठकीचंच नुकसान आहे.

व्हिस्कीचं प्रकरण या पुस्तकात सर्वांत लांब झालं आहे, कारण तुलनेनं जेवढा प्रकाश तिथे पडतो तेवढा दुसरीकडे पडत नाही. भारतात व्हिस्की म्हणून जे विकलं जातं त्यातल्या बऱ्याचशा बाटल्यांत उसाच्या मळीपासून काढलेला स्पिरिट असतो. युरोपात व्हिस्की धान्याचीच असावी लागते, म्हणून या बाटल्यांना तिथे ते नाव लावता येत नाही. मळीची व्हिस्की, धान्य-स्पिरिटची व्हिस्की आणि सिंगल माल्ट हे तीन पेले नावं झाकून शेजारी ठेवावेत. फरक सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

मग भारतीय सिंगल माल्टकडे जावं. राधाकृष्ण जगदाळे यांनी 1948 मध्ये बंगळुरूत सुरू केलेल्या अमृत डिस्टिलरीनं आपली सिंगल माल्ट 2004 मध्ये प्रथम बाजारात आणली ती भारतात नाही, ग्लासगोत, म्हणजे स्कॉच पिणाऱ्यांच्या दारात. स्कॉटलंडमध्ये पिंपातून दर वर्षी सुमारे 2 टक्के मद्य उडून जातं, बंगळुरूत 10 ते 12 टक्के. उष्णतेनं मद्य लाकडात लवकर मुरतं आणि लवकर संपतंही. त्यामुळे आपल्याकडे चार-पाच वर्षांची व्हिस्की जे रूप दाखवते त्याला तिकडे कितीतरी जास्त वर्षं लागतात, आणि बाटलीवरच्या वयाच्या आकड्यावरून किंमत ठरवण्याची सवय इथे निरुपयोगी ठरते. बारा वर्षांची स्कॉच आणि वय न छापलेली भारतीय माल्ट झाकून ठेवून बघा. जुनी कोणती या प्रश्नावर बैठकीत मतं फुटतात, आणि ती फुटावीत म्हणूनच मी ही जोडी सुचवतो.

धूर समजून घ्यायचा असेल, तर गोव्यात बनणाऱ्या पॉल जॉनच्या तीन बाटल्या घ्याव्यात: ब्रिलियन्स, एडिटेड आणि बोल्ड. कारखाना तोच, हवा तीच. पहिलीत पीटच्या धुरावर वाळवलेलं जव नाही, दुसरीत थोडं आहे, तिसरीत भरपूर. एका वेळी एकच गोष्ट बदलत गेली की ती गोष्ट लख्ख दिसते, आणि हे तत्त्व पुढे सगळीकडे लागू पडतं. पाण्याचंही इथेच पाहून घ्यावं. एकाच व्हिस्कीचे दोन पेले, एकात चमचाभर पाणी. पाणी घालणं म्हणजे व्हिस्की बिघडवणं, असं म्हणणारे मित्र सगळ्यांनाच असतात. पण पाण्यानं मद्यार्काची झणझण कमी होते आणि मागे दबलेले वास वर येतात. 2017 मध्ये स्वीडनमधल्या दोन संशोधकांनी संगणकावर मांडणी करून दाखवलं, की मद्यार्काचं प्रमाण उतरलं की ग्वायाकोल हा धुरकट वासाचा रेणू द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकतो, म्हणजे आपल्या नाकाकडे. बर्फ मात्र तुलनेच्या वेळी नको. थंडीत वास मिटतात.

आणि फेणी. या पुस्तकातलं माझ्या सर्वांत जवळचं प्रकरण हेच आहे, आणि फेणीला लांबूनच नाक मुरडणाऱ्यांनी ते आधी वाचावं असा माझा आग्रह आहे. काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, पण त्याच्या बोंडूंची फेणी गोव्यानं घडवली. बोंडू झाडावरून तोडत नाहीत, आपोआप गळून पडलेले पूर्ण पिकलेलेच गोळा करतात. ते तुडवून काढलेला रस नैसर्गिकरीत्या आंबू देतात. लगद्यावर वजन ठेवल्यावर जो झिरपतो तो गोड नीरो ताजाच प्यायचा. आंबलेला रस भट्टीवर एकदा चढवला की हुर्राक मिळते, हलकी आणि त्या मोसमापुरतीच टिकणारी. पुन्हा चढवली की फेणी. काजू फेणीला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि 2016 मध्ये गोवा सरकारनं तिला राज्याचं वारसा-पेय म्हटलं. तोवर ती 'देशी दारू' या खात्यात होती, आणि त्यामुळे तिला राज्याबाहेर विक्रीची वाट नव्हती. ज्या पेयाला एवढी जमीन, एवढा मोसम आणि एवढी हातोटी लागते, त्याला आपण गोव्याच्या सहलीतला चेष्टेचा विषय करून ठेवलं, याचं मला वाईट वाटतं.

फेणीची बैठक अशी करावी: हुर्राक, काजू फेणी आणि दक्षिण गोव्यातली माडाच्या ताडीपासून केलेली फेणी, तिन्ही साध्या पेल्यांत. ओतल्यावर पंधरा मिनिटं पेल्याला हात लावू नये. पहिला उग्र भपका ओसरू द्यावा. मग फेणीत अतिपिकलेलं फळ, मिरी, किंचित हिरवी साल सापडते. माडाची फेणी शेजारी असेल तर काजूचं काजूपण स्पष्ट होतं. हुर्राक मात्र तुलना झाल्यावर लिंबाच्या सोड्यात, मीठ आणि उभी चिरलेली हिरवी मिरची घालून एप्रिलच्या दुपारी प्यावी. शेजारच्या सिंधुदुर्गातही काजूच्या बागा आहेत, आणि तिथे बोंडू झाडाखाली कुजतात. मोहाची कथा याहून कठोर आहे. आदिवासींच्या सणांत आणि देवकार्यात मानानं येणारी मोहाच्या फुलांची दारू मुंबई इलाख्याच्या 1878 च्या अबकारी कायद्यानं आणि त्याच्या पाठच्या निर्बंधांनी चोरटी होत गेली. चांगली मोहाची फुलांचा मध आणि धूर दोन्ही देते. ती नीट चाखायची संधी फार थोड्यांना मिळते, म्हणून माझं त्या विषयावरचं लेखनही थोडंच आहे.

वाइनबद्दल इथे दोनच गोष्टी सांगतो. एक, नाशिकची द्राक्षं युरोपसारखी उन्हाळ्याच्या शेवटी पिकत नाहीत. पावसाळ्यानंतर छाटणी होते आणि तोडणी जानेवारी ते मार्चमध्ये, म्हणजे वर्षातल्या थंड दिवसांत द्राक्ष तयार होतं. तिथल्या सुला वाइनरीची पहिली वाइन 2000 साली आली. तेव्हापासून गंगापूर, दिंडोरी परिसरात एवढी विविधता आली आहे, की एकाच जातीच्या द्राक्षाची, तीन वेगवेगळ्या वाइनरींची अशी बैठक परदेशी बाटली न आणता सहज जमते. शेनँ ब्लांकपासून सुरुवात करावी. दुसरी गोष्ट, लाल वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी हा सल्ला थंड प्रदेशातल्या घरांचा आहे. तिला 16-18 अंश मानवतात. पुण्या-नागपूरच्या मे महिन्यात तिला अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवावंच लागतं, नाहीतर पेल्यात नुसता मद्यार्क नाकाला झोंबतो.

बिअरची बैठक नवख्यांसाठी सर्वांत सोपी. पुण्यात 2009 मध्ये डूलालीनं आपली बिअर ओतायला सुरुवात केली आणि त्यानंतर तिथे लहान ब्रुअरींची रांगच लागली. लागर, गव्हाची बिअर, आयपीए आणि स्टाउट या चौघींपैकी गव्हाच्या बिअरचा पेला पहिल्यांदा हुंगणाऱ्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. पिकलेलं केळं आणि लवंग, आणि बिअरमध्ये यांपैकी काहीच घातलेलं नसतं. दोन्ही वास यीस्ट बनवतं. केळ्याचा वास देणारा आयसोअमिल ॲसिटेट हा रेणू केळ्यातही तोच आहे.

कॉकटेलमध्ये तुलना म्हणजे प्रमाणाची तुलना. नेग्रोनी घ्या: जिन, काम्पारी आणि गोड वर्मूथ समसमान. जिन तेवढी बदलत जा आणि काय काय बदलतं ते लिहा. डायकिरीची परदेशी कृती जशीच्या तशी आपल्याकडे फसते, कारण आपलं कागदी लिंबू तिकडच्या मोठ्या हिरव्या लिंबापेक्षा आंबट असतं. रस थोडा कमी करावा लागतो. रमच्या जागी फेणी घालून तीच डायकिरी शेजारी ठेवून पाहावी.

चखन्याबद्दल माझ्या मित्रांशी माझा कायमचा वाद आहे, आणि माझी बाजू अशी: पहिल्या फेरीत चखना नाही. शेव, चिवडा, तळलेले बोंबील यांच्या तिखटमिठापुढे कुठलाही बारीक वास टिकत नाही, आणि मिरचीनं पेटलेल्या तोंडात मद्यार्क अधिक जाळतो. साधे कुरमुरे, पाव, पाणी. वह्या मिटल्यावर मग सुरमई तळावी, कोथिंबीर वडी यावी, आणि कुठल्या पेल्याबरोबर काय जमतं याची दुसरी बैठक सुरू व्हावी. तीही तेवढ्याच गांभीर्यानं.

बैठकीत न पिणारा एखादा मित्र जरूर असावा. चवीचा मोठा भाग नाकाचाच असतो, तेव्हा तो नुसते पेले हुंगून वही भरू शकतो, आणि त्याचं नाक शेवटच्या पेल्यापर्यंत ताजं राहतं. बाकीच्यांनी परतीची रिक्षा किंवा टॅक्सी येण्याआधीच ठरवलेली असावी. रक्तात 100 मिलिला 30 मिलिग्रॅम ही गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा आहे, आणि एका लार्ज पेगनंही कित्येकांची ती ओलांडली जाते.

प्रकरणं कोणत्याही क्रमानं वाचता येतील. प्रत्येकाच्या शेवटी तीन किंवा चार पेल्यांची एक बैठक सुचवली आहे, सहज मिळणाऱ्या बाटल्यांची, आणि पुढे दोन पानं कोरी सोडली आहेत. माझी त्या पेल्यांबद्दलची मतं मुद्दाम त्या कोऱ्या पानांच्या नंतर छापली आहेत. तुमची मतं आधी लिहून होऊ द्या, मग पान उलटा.